तपासायचे कुणाला?

ओरडली का नाहीस? अंगावर जखमा कशा नाहीत? तक्रारीला इतके दिवस का लावलेस? बलात्काराच्या खटल्यात बाईला हे प्रश्न हमखास विचारले जातात. ‘खरी’ अत्याचारित बाई कशी वागते, याचे एक ठरीव चित्र त्यांच्या मागे असते.

१९७२ साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत घडलेल्या मथुरा प्रकरणात नागपूर खंडपीठाने म्हटले होते, भीतीपोटीची शरणागती म्हणजे संमती नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली ते मानले नाही. जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणून पोलीस सुटले. त्याविरुद्ध आपण रस्त्यावर आलो. कायदा १९८३ साली बदलला, २०१३ साली पुन्हा बदलला. बाईने शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती धरता येत नाही, हे आता कायद्यातच आहे.

पण ऐकणाऱ्यांचे कान बदलले का? २०२० साली कर्नाटक उच्च न्यायालयाने जामीन देताना शेरा मारला की, अत्याचारानंतर थकून झोपी जाणे भारतीय स्त्रीला शोभत नाही. टीका झाल्यावर तो वगळावा लागला.

मानसशास्त्राचे संशोधन काय सांगते? १९७४ साली अमेरिकेत बर्जेस व होल्मस्ट्रॉम यांनी बोस्टनच्या इस्पितळात आलेल्या बायकांचा अभ्यास मांडला. काही रडत, थरथरत होत्या. जवळपास तितक्याच शांत, आवरलेल्या दिसत होत्या. २०१७ साली स्वीडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २९८ पैकी ७० टक्के बायकांनी सांगितले, त्या वेळी शरीर लक्षणीयरीत्या गोठल्यासारखे झाले होते. म्हणजे न ओरडणे हा होकार नव्हे, तो भीतीने गोठलेल्या शरीराचा परिणाम असू शकतो.

हे ज्ञान पोलीस प्रशिक्षणात, विधी महाविद्यालयांत, न्यायाधीशांच्या अकादमीत सक्तीने शिकवले पाहिजे. शिकवणाऱ्यांत वर्षानुवर्षे बायकांचे ऐकून घेणाऱ्या समुपदेशक कार्यकर्त्याही हव्यात.

मात्र एक धोका आहे. उद्या कुणी मानसिक आघाताच्या लक्षणांची यादी घेऊन विचारील, ‘हिला झोप लागते, कामावर जाते, मग आघात कुठे?’ जखमांच्या जागी लक्षणे आली, तर जुनीच कसोटी नव्या नावाने परत येईल. या शास्त्राने बाईचा खरेपणा मोजू नये. तिला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचा खोटेपणा उघडा करावा. अभ्यासक्रम मागताना आपली ही अट पहिली असली पाहिजे.