राक्षस चालतात, खोटी भाषा चालत नाही

प्रतिनिधी, सुलतानपूर (जि. बुलढाणा)

वडील वारलेले, घरात आई आणि लहान भावंडे, वर्ष सरत आलेले. सणाला सर्वांना पोटभर मिळावे म्हणून थोरला मुलगा पाठीवर कोळसा घेऊन बर्फातून डोंगराखालच्या गावाकडे निघतो. गावातले लोक त्याला नावाने ओळखतात, कामे सांगतात, उशीर झाला म्हणून एक म्हातारा त्याला रात्री घरी ठेवून घेतो. सकाळी तो परततो तेव्हा घरातील माणसे मारली गेलेली असतात आणि वाचलेली एकटी बहीण राक्षसीण झालेली असते. ‘डेमन स्लेयर’ या जपानी मालिकेच्या पहिल्या भागाची ही कथा. कोयोहारू गोतोगे यांच्या चित्रकथेवर ‘युफोटेबल’ या स्टुडिओने बेतलेला हा भाग एप्रिल २०१९ मध्ये प्रथम प्रसारित झाला.

या भागाविषयी जगभरातील प्रेक्षकांनी ज्या प्रतिक्रिया दिल्या, त्यात एक गोष्ट लक्ष वेधून घेते. राक्षस खरा वाटतो की नाही, याविषयी फारसे कोणी वाद घालत नाही. वाद होतो तो पात्रांच्या बोलण्यावरून. बर्फात रुतणारी पावले, धापा, रक्ताचा वास ओळखणारे नाक हे सगळे पटते. मात्र समोर दिसत असलेली गोष्ट पात्र स्वतःच्या तोंडाने पुन्हा का समजावून सांगते, असा आक्षेप अनेकांनी घेतला. तलवारधारी गियू हा नायक तान्जिरोवर ओरडतो आणि नंतर मनातल्या मनात त्याच्याविषयीची कणव सविस्तर बोलून दाखवतो, हे काहींना खटकते. संगीत नाटकातील स्वगतांवर वाढलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. वास्तवाची कसोटी चित्रापेक्षा भाषेला अधिक कडक लावली जाते, हा मात्र यातून निघणारा मुद्दा आहे आणि तो आपल्याकडे फार जवळून लागू पडतो.

लोणार-मेहकर रस्त्यावरच्या सुलतानपूरसारख्या गावातील मुलाने हा भाग पाहायचे ठरवले, तर तो कोणत्या भाषेत पाहणार? भारतात या मालिकांचा प्रेक्षक आता केवळ महानगरांतला राहिलेला नाही. १२ सप्टेंबर २०२५ रोजी याच मालिकेचा ‘इन्फिनिटी कॅसल’ हा चित्रपट देशभर प्रदर्शित झाला तो जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू या भाषांत. त्या यादीत मराठी नव्हती. २०१९ मध्ये ‘वेदरिंग विथ यू’ हा चित्रपट भारतात प्रदर्शित व्हावा म्हणून चाहत्यांना सह्यांची मोहीम चालवावी लागली होती. त्या काळापासून बाजार बराच पुढे सरकला आणि दक्षिणेतील भाषांना त्यात स्थानही मिळाले. महाराष्ट्रातील प्रेक्षकाला हिंदी समजते, हे गृहीत धरले गेले. ते खरेही आहे. पण ते खरे का आहे?

याचे एक उत्तर दूरचित्रवाणीत आहे. १९९३ मध्ये दूरदर्शनवर आलेली ‘जंगल बुक’ ही निप्पॉन अ‍ॅनिमेशनची १९८९ मधील जपानी मालिका होती, हे तेव्हा किती जणांना ठाऊक होते? गुलजार यांचे शब्द, विशाल भारद्वाज यांचे संगीत आणि शेरखानला नाना पाटेकर यांचा आवाज. त्या आवाजाने वाघ इतका आपला केला की मालिका परदेशी आहे असे वाटलेच नाही. शीर्षकगीतातील ‘चड्डी’ या शब्दाला तेव्हा आक्षेप घेतला गेला होता, पण शब्द टिकला आणि मुलांनी नेमका तोच उचलला. पुढे ‘डोरेमॉन’ आणि ‘शिनचॅन’ घराघरांत हिंदीतूनच आले. ‘शिनचॅन’च्या उर्मट बोलण्याविषयी पालकांच्या तक्रारी वाढल्या आणि ऑक्टोबर २००८ मध्ये केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने त्यावर बंदी घातली. २००९ मध्ये ती मालिका काटछाट होऊन परतली. जपानमध्येही पालकांच्या नावडत्या कार्यक्रमांत तिचा क्रमांक वरचा असे. पोर मोठ्यांशी कसे बोलते, याला टोकियोतील आईनेही आक्षेप घेतला आणि आपल्याकडच्या आईनेही. आपल्याकडे त्या उर्मटपणाची भाषा हिंदी होती, एवढाच काय तो फरक. आणि त्या फरकाची चर्चा २००८ मध्ये फारशी झाली नाही.

बांगलादेशात ती झाली. मुले ‘डोरेमॉन’ पाहून हिंदी बोलू लागली, या कारणावरून तेथील सरकारने फेब्रुवारी २०१३ मध्ये या मालिकेचे हिंदी प्रसारण थांबवले. पाकिस्तानातील पंजाब विधानसभेत २०१६ मध्ये याच मालिकेविरुद्ध ठराव मांडला गेला. बांगलादेशात बंदीनंतर पुढे ‘डोरेमॉन’ बंगालीतून दाखवण्यास सुरुवात झाली, ही घटना बंदीपेक्षा महत्त्वाची मानावी लागेल. मुलाच्या हातून आवडती मालिका काढून घेतल्याने भाषा वाचत नाही. ती मालिका त्याच्या भाषेत आणली तर निदान स्पर्धा तरी होते.

महाराष्ट्रात २०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून रण माजले. १६ एप्रिलचा शासन निर्णय, १७ जूनचा सुधारित निर्णय, २९ जूनला दोन्ही रद्द आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती. या काळात शाळेच्या वर्गातील हिंदीवर सभा झाल्या, मोर्च्यांच्या घोषणा झाल्या. शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच मूल जी हिंदी पडद्यावरून आत्मसात करते, तिच्याकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही. काही बालवाहिन्यांवर मराठी ध्वनीचा पर्याय आहे, हे नोंदवायला हवे. परंतु वाढत्या वयातील मुले ज्या मालिकांभोवती गोळा होतात, त्यांचे मोठे दालन मराठीला अद्याप बंदच आहे.

आता प्रश्न असा, की मराठी आणली तर कोणती? जपानी भाषेत ‘मी’साठी ‘वाताशी’, ‘बोकु’, ‘ओरे’ असे अनेक शब्द आहेत. कोण कोणासमोर काय वापरतो यावरून त्याचे वय, स्वभाव आणि पायरी कळते. आदराच्या पातळ्या क्रियापदातच असतात. इंग्रजीत हे सारे एका ‘यू’मध्ये विरघळते. भारतीय भाषांतील अनुवाद अनेकदा इंग्रजी संहितेवरून होतो, त्यामुळे गमावलेली गोष्ट परत आणण्याची साधने आपल्या भाषेत असूनही वापरली जात नाहीत. तान्जिरो बर्फात डोके टेकून गियूपुढे गयावया करतो तेथे त्याच्या तोंडी ‘तुम्ही’ आणि गियूच्या तोंडी ‘तू’ आला, की अर्धे काम झाले. धाकटी भावंडे त्याला ‘दादा’ म्हणतात. मराठीत यासाठी वेगळा शोध घ्यावाच लागत नाही. ‘युवर नेम’ या २०१६ मधील चित्रपटात मुलाच्या देहात शिरलेली मुलगी ‘मी’साठी कोणता शब्द वापरावा या गोंधळात पडते. मराठीत ‘मी गेले’, ‘मी गेलो’ एवढ्या फरकात तो विनोद जसाच्या तसा उतरेल. शिवाय दोन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. पात्राने शेवटचा शब्द उच्चारताना श्वास रोखला असेल, तर अनुवादातही तो श्वास योग्य जागी पडतो.

एवढी सोय असूनही खरी अडचण पुढे आहे. ‘युवर नेम’मधील ती मुलगी हिदा भागातील बोली बोलते आणि टोकियोत ती वेगळी ओळखू येते. ती मुलगी मराठीत कशी बोलेल? वऱ्हाडीत बोलली, ‘मले’, ‘तुले’, ‘जाऊन राहिली’ म्हणाली, तर प्रेक्षक पहिल्या वाक्याला हसतील, अशी भीती निर्मात्याला वाटणारच. ही भीती निराधार नाही. भारत गणेशपुरे यांच्यासारख्या गुणी कलावंताने वऱ्हाडी घराघरांत पोहोचवली, पण ती पोहोचली विनोदाच्या व्यासपीठावरून. मराठी मालिकांत नायक-नायिका प्रमाण भाषेत आणि नोकरचाकर, गावकरी बोलीत, ही वाटणी अनेक वर्षे चालत आली आहे. सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ने २००९ मध्ये विदर्भातील शेतकऱ्याचे दुःख त्याच्याच बोलीत मांडून दाखवले. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने २०१६ मध्ये करमाळ्याकडची बोली प्रेमकथेच्या मध्यभागी आणली आणि ती राज्यभर कोणालाही परकी वाटली नाही. दूरचित्रवाणीने यातून फारसे काही घेतलेले दिसत नाही.

सुलतानपूर हे घाटावरचे गाव. खामगाव, शेगाव, मलकापूर घाटाखाली. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा घाटावर आणि पलीकडे लगेच जालना जिल्हा. त्यामुळे एकाच बुलढाणा जिल्ह्यात बोलण्याचा सूर बदलतो. घाटाखालची वऱ्हाडी इकडे मराठवाड्याच्या वळणाला लागते. पुण्या-मुंबईच्या ध्वनिमुद्रण कक्षात तयार झालेली गुळगुळीत मराठी येथील मुलाला पाठ्यपुस्तकातील धड्यासारखी वाटली, तर तो पुन्हा हिंदीकडे वळेल. वास्तविक कोळसा विकणाऱ्या डोंगरी मुलाच्या तोंडी सदाशिव पेठी भाषा घालणे हाही एक प्रकारचा अवास्तवपणाच. प्रत्येक पात्राला बोली द्यावी, असा याचा अर्थ नाही. म्हाताऱ्या साबुरोने तान्जिरोला थांबवताना गावाकडच्या वळणाने बोलावे, आईने मुलाच्या चेहऱ्यावरची काजळी पुसताना घरच्या शब्दांत हाक मारावी, गियूने मात्र कोरड्या प्रमाण भाषेत दरडावावे. एवढ्या निवडीनेही दृश्य उभे राहील.

ध्वनिमुद्रण करणाऱ्या कंपन्या खर्चाचे गणित पुढे करतील. ओठांच्या हालचालींना जुळणारे शब्द शोधणारा लेखक, ते नेमक्या क्षणांत बोलणारे कलावंत, त्यांना सूर सांगणारा दिग्दर्शक, हे सारे प्रत्येक भाषेसाठी नव्याने उभे करावे लागते आणि मराठी प्रेक्षक हिंदीत पाहतोच, मग हा खर्च कशासाठी, हा त्यांचा प्रश्न व्यापाराच्या दृष्टीने चुकीचा नाही. तमिळ आणि तेलुगू प्रेक्षकांनी आपल्या भाषेचा आग्रह तिकीटबारीवर धरला, म्हणून त्यांची नावे यादीत आली. ‘इन्फिनिटी कॅसल’ हा तीन चित्रपटांच्या मालिकेतील पहिला आहे. पुढील भागांच्या भाषांच्या यादीत मराठी यावी असे वाटत असेल, तर तशी मागणी आता मराठी प्रेक्षकाने करावयाची आहे, आणि ती करताना कोणती मराठी, हेही त्यालाच सांगावे लागेल.