कुत्रं चावलं, तर जखमेतलं इंजेक्शन विसरू नका

मैत्रिणींनो, या खेपेला कुरडयांचा विषय ठरला होता. पण मधेच घरात जे घडलं ते आधी सांगते. कुरडया पुढच्या अंकात.

माझा पुतण्या सहा वर्षांचा. गल्लीतल्या पिल्लाला भाकरी भरवायला गेला अन् पिल्लाने हातच धरला. तळहाताला दोन दात लागले, रक्त आलं. सासूबाई तिखटाचा डबा घेऊन धावल्या, शेजारच्या आक्का म्हणाल्या, "चुना लाव." मी त्याला ओढतच मोरीत नेलं, नळ सोडला आणि घड्याळाकडे पाहत पंधरा मिनिटं साबणाने हात धुतला. पोरगं किंचाळत होतं, सासूबाई रागावल्या होत्या. पण तिखट-चुन्याने नुसती आग होते, जखम जास्त चिघळते. रेबीजच्या विषाणूला वरून स्निग्ध आवरण असतं, ते साबणाने फुटतं. तव्याची ओशट नाही का साबणाने निघत, तसंच.

मग जिथे नेलं तिथे दंडात लस टोचली आणि घरी पाठवलं. जखमेबद्दल कुणी शब्द काढला नाही. रात्री मला झोप येईना. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेतही औषध भरतात, असं मी वाचलेलं होतं. सकाळी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हात पाहिला आणि म्हणाले, "ताई, बरं झालं आणलंत."

हे दुसरं औषध कशाला, ते सांगते. लस म्हणजे विरजण. आज लावलं की दही लागायला वेळ लागतो. शरीराला स्वतःची प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, करायला आठवडा-दोन आठवडे जातात. तेवढ्या दिवसांत विषाणू मज्जातंतूत शिरला, की तिथून मेंदूकडे जातो, आणि लक्षणं दिसू लागल्यावर माणूस बहुधा हाती लागत नाही. म्हणून तोवर तयार दही बाहेरून आणायचं, आणि तेही जखमेतच घालायचं.

ते काम कसं करतं? कपाशीच्या शेतातून येताना लुगड्याला गोखरू चिकटतात ना, त्यांच्या काट्यांमुळे. रेबीजच्या विषाणूवरही असेच प्रथिनाचे काटे असतात आणि त्यांनीच तो पेशीला चिकटून आत शिरतो. गोखरूच्या काट्यांवर कळण्याच्या पिठाचा गोळा थापला तर ते लुगड्याला धरेल का? प्रतिपिंडं त्या काट्यांवर तशीच जाऊन बसतात. विषाणू दारातच अडतो.

पूर्वी ही प्रतिपिंडं घोड्याला लस टोचून त्याच्या रक्तातून काढत. ती अजूनही वापरतात, पण काहींना घोड्याच्या प्रथिनांचं वावडं येतं. माणसाच्या रक्तातून काढलेली सोसतात, पण ती महाग आणि कमी. मग 1975 साली केंब्रिजला कोलर आणि मिलस्टाइन या दोघांनी एकाच जातीची प्रतिपिंडं हवी तितकी बनवणाऱ्या पेशी तयार करण्याची युक्ती काढली. 1984 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पुढे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, माणसाचे प्रतिपिंडांचे जीन्स घातलेल्या उंदरांना रेबीजची लस टोचली आणि निघालेल्या प्रतिपिंडांतून एक निवडलं. त्यावरून आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने औषध केलं आणि 2017 मध्ये ते 'रॅबिशील्ड' नावाने बाजारात आलं. रक्त लागत नाही, घोडा लागत नाही. पेशी टाक्यांत वाढवतात.

फरक पाहा. वीस किलोच्या मुलाला घोड्याचं औषध 800 युनिट लागतं, माणसाच्या रक्तातलं 400, आणि हे जेमतेम 67. भारतात कुत्रा चावलेल्या 200 जणांवर माणसाच्या रक्तातल्या औषधाशी त्याची तुलना झाली, ते हिशेब 2018 मध्ये छापून आले. हे कमी पडलं नाही. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशी औषधं आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. एक खोट मात्र आहे. एकच प्रतिपिंड काट्याच्या एकाच जागी बसतं; ती जागा बदललेला विषाणू भेटला तर निसटायचा. म्हणून अहमदाबादच्या झायडसने 2019 मध्ये दोन प्रतिपिंडांचं मिश्रण आणलं.

तेव्हा रक्त आलं असेल तर डॉक्टरांना न लाजता विचारा, "जखमेत भरायचं औषध द्यायचं ना?" पहिल्या लसीपासून सात दिवसांच्या आत ते घेता येतं, पुढे शरीराची स्वतःची प्रतिपिंडं सुरू झालेली असतात, मग ते देत नाहीत. मोठा टाका, घट्ट पट्टी नको. जखमेत सुई टोचताना मूल रडतं फार, मीही रडले.

पिल्लावर दहा दिवस नजर ठेवली, ते ठणठणीत निघालं. पण ते दहा दिवस नुसतं वाट पाहण्यात घालवायचे नसतात, म्हणून लसी चालूच ठेवल्या. शेवटची परवा आहे, तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहिलीय. पिल्लू अजून ओट्यावर येतं, सासूबाई त्याला लांबूनच भाकरी टाकतात.