कोळशाची कसोटी सांडपाण्यावरच

उसाची तोडणी झाली की पंचगंगेच्या काठी फडाफडांत पाचट पेटते. त्याच नदीत इचलकरंजीच्या कापड प्रक्रिया उद्योगाचे रंगीत सांडपाणी काळ्या ओढ्यावाटे उतरते. पाचटाचा बायोचार करून त्यानेच हे पाणी शुद्ध करावे, ही कल्पना मोलाची आहे. ती राबवायलाही हवी. पण तिची परीक्षा आधी खऱ्या सांडपाण्यावर व्हायला हवी.

पाचट, पऱ्हाटी किंवा भाताचा तूस जवळजवळ हवाबंद भट्टीत साधारण 300 ते 700 अंश सेल्सिअसला तापवला की सच्छिद्र कोळसा, म्हणजेच बायोचार, उरतो. त्याच्या पृष्ठभागावर प्रदूषके चिकटतात. हा पृष्ठभाग बहुधा ऋणभारित असतो. म्हणून शिसे, कॅडमियम असे धनभारित धातू तो चांगले धरतो. खरी मेख इथेच आहे. प्रयोगशाळेत बायोचारची ताकद अनेकदा मिथिलीन ब्लू या धनभारित रंगावर जोखली जाते. सुती कापडाला सर्रास दिले जाणारे रिअॅक्टिव्ह रंग मात्र ऋणभारित असतात, आणि त्या पाण्यात मीठ-सोडाही भरपूर असतो. काचेच्या चंचुपात्रातले यश ओढ्याकाठी टिकेलच, असे कसे मानायचे? यवतमाळ, चंद्रपूरच्या भूजलातील फ्लोराइडही ऋणभारितच. लोह किंवा अॅल्युमिनियमची प्रक्रिया केल्याशिवाय साधा कोळसा तिथे फारसा कामाचा नाही.

2012 मध्ये इचलकरंजीत काविळीच्या साथीने माणसे दगावली. पाण्यातून अशी साथ पसरवणाऱ्या विषाणूंच्या बाबतीत बायोचारच्या भरवशावर राहता येत नाही. तिथे मैलापाण्याची नीट व्यवस्था आणि क्लोरीनच हवे.

सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या अखेरच्या टप्प्यात उरलासुरला रंग आणि धातू टिपणे, हे बायोचारचे काम. त्याच्या नावाखाली एकाही कारखान्याला स्वतःच्या आवारातील प्रक्रियेतून सूट मिळता कामा नये. सरकारने केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर चाचण्या घ्याव्यात आणि निकाल, फसलेले धरून, जाहीर करावेत. पाचट गोळा करून भट्टीपर्यंत पोचवण्याचा दाम शेतकऱ्याच्या पदरात पडला पाहिजे. नाहीतर काडी लावणेच त्याला परवडते.

वापरून झालेल्या कोळशाचा नियम तर भट्टी पेटण्याआधीच ठरायला हवा. बायोचार जमिनीचा पोत सुधारतो, अशी ख्याती असल्याने रंग आणि धातू शोषलेला कोळसाही शेतात टाकण्याचा मोह होईल. तो घातक कचरा समजूनच हाताळावा आणि त्याचा खर्च सांडपाणी सोडणाऱ्यांकडून वसूल करावा.