पार्वतीचा डाव

या सदरातून वर्षभर मी लोणची, लग्ने, शेजारपाजार आणि लोकांची मुले अशा निरुपद्रवी विषयांवर लिहीत असते. दिवाळी अंकासाठी मात्र संपादकांनी बजावले, “यंदा तुमच्या त्या पत्त्यांविषयी लिहा.” ‘तुमच्या त्या’ म्हणताना माणसाचा आवाज कसा होतो, हे मला आता चांगले ठाऊक झाले आहे. पन्नाशी ओलांडलेली, शिकवण्या घेणारी बाई वर्षातून एकदोनदा गोव्याला जाते आणि तेही मंगेशीच्या दर्शनाला नव्हे, तर पोकरच्या स्पर्धेत बसायला, ही गोष्ट आमच्या नात्यागोत्यात अजून हळू आवाजातच बोलली जाते. आमच्या जाऊबाई तर पाहुण्यांना परस्पर सांगून मोकळ्या होतात, “वहिनी ब्रिज खेळतात हो.” ब्रिज म्हटले की सगळे शोभून जाते. 2018 साली जाकार्ताच्या आशियाई खेळांत प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार या आपल्या जोडीने ब्रिजमध्ये सुवर्णपदक मिळवले, तेव्हापासून तर तो देशसेवेतच जमा झाला. पोकर म्हटले की मात्र समोरच्याचा चहाचा कप ओठांशीच थांबतो.

आता दिवाळीच आहे, तर पाडव्यापासूनच सुरुवात करते. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपण बलिप्रतिपदा म्हणतो, पण तिचे दुसरे नाव द्यूतप्रतिपदा. त्या दिवशी शंकरपार्वती द्यूत खेळले आणि पार्वतीने शंकराला हरवले, अशी कथा आहे. वेरूळच्या 21 व्या लेण्यात दोघांचा डाव कोरलेला आहे आणि खाली गणांचा नि नंदीचा दंगा चालला आहे. द्यूताची दुसरी कथा सर्वांना पाठ असते, ती द्रौपदीची. मौज अशी की, बायकांनी पत्ते खेळू नयेत म्हणून ज्यांना द्रौपदी आठवते, त्यांच्या हे लक्षात येत नाही की द्रौपदीने फाशांना हातही लावला नव्हता. ती खेळली नाही. तिला पणाला लावली. खेळली ती पार्वती, आणि ती तर जिंकली.

हा फरक मला पुराणे वाचून कळला नाही. तो आमच्या निरवांगीत कळला.

निरवांगी हे माझे माहेर. इंदापूर तालुक्यात नीरेच्या काठी वसलेले. नदीपलीकडे माळशिरस तालुका, म्हणजे सोलापूर जिल्हा. अलीकडे ऊस, आणि जवळच वालचंदनगर. उसाचे पैसे हाती आले आणि दिवाळी तोंडावर असली की गावात कुठल्यातरी गोठ्यामागे कंदील लावून तीनपत्तीची बैठक पडायची. आम्हा मुलींना तिकडे फिरकायची बंदी होती. आमच्या वाट्याला मे महिन्याच्या दुपारी, माजघरात, झब्बू, बदामसात आणि ‘चॅलेंज’. चॅलेंजमध्ये पाने पालथी टाकून खुशाल खोटे सांगायचे असते आणि समोरच्याने ते ओळखायचे असते. त्या खेळात आमची धाकटी आत्या पटाईत. तोंडावरची माशी हलू न देता ती चार राण्या सांगून चार दुर्र्या टाकायची.

अशाच एका पाडव्याच्या सकाळी आळीतल्या एका काकूंच्या दारातून त्यांची म्हैस दुसऱ्याच माणसाने सोडून नेली. रात्री काकांनी ती लावली होती. काकू शेणाचे हात घेऊन दारात उभ्या होत्या. त्या म्हशीच्या दुधावर त्यांचा घरखर्च चालायचा, मुलीच्या शाळेची फी निघायची. त्यांनी जन्मात पत्त्याला हात लावलेला नव्हता, आणि हरल्या त्या होत्या. तेव्हापासून आमच्या घरात पत्त्यांचा कॅट आईच्या कुलपाखाली गेला. आईचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही. पण पुढे मोठेपणी पोकर शिकताना मी स्वतःला पहिला प्रश्न विचारला तो हाच: इथे म्हैस कुणाची लागते?

स्पर्धेच्या पोकरचे उत्तर असे आहे. दारात ठरलेले प्रवेशशुल्क भरायचे, आणि मग प्रत्येकाला सारख्याच संख्येने चकत्या मिळतात. त्या चकत्यांना पैशाची किंमत नसते. त्या संपल्या की तुम्ही बाद. शेवटी उरलेल्यांना, साधारण आठादहांत एकाला, क्रमाने बक्षीस मिळते. म्हणजे बसण्यापूर्वीच ठाऊक असते की जास्तीत जास्त किती जाईल. गोठ्यामागच्या बैठकीत हेच ठाऊक नसते. तिथे पैसे संपले की घड्याळ, घड्याळ संपले की म्हैस.

खेळ स्वतः सोपा आहे. प्रत्येकाला दोन पाने पालथी. मधोमध सगळ्यांच्या मालकीची पाच पाने, आधी तीन, मग एक, मग एक. या सातांतून उत्तम पाच निवडायची. दर टप्प्याला बोली लावायची किंवा पाने टाकून द्यायची. पहिल्या दोन पानांच्या 1,326 जोड्या होऊ शकतात. दोन एक्के हाती येण्याची शक्यता 221 त एक. कसलीही जोडी येण्याची 17 त एक. मग उरलेल्या वेळी काय करायचे? बहुतेक वेळा पाने टाकायची. नवखा माणूस इथेच मरतो. एवढे पैसे भरून आलो ते काय पाने टाकायला, असे त्याला वाटते. मला मात्र हे जड गेले नाही. आवडलेली साडी हातात घेऊन, उलटसुलट बघून, पुन्हा दुकानदाराच्या गादीवर ठेवायची सवय आपल्यापैकी किती जणींना आहे! तीच विद्या.

पण नुसते टाकत बसूनही भागत नाही. दर वीसतीस मिनिटांनी पाने न बघता भरायची चकती मोठी होत जाते, त्यामुळे स्वस्थ बसणारा हळूहळू झिजतो. केव्हातरी उठून लढावे लागते, आणि हाती चांगली पाने नसताना लढायचे तर हूल द्यावी लागते. इंग्रज ज्याला ब्लफ म्हणतो, ती आमच्या आत्याची हूल.

मला बक्षीस मिळाले त्या एकमेव स्पर्धेची हकीगत सांगते. पणजीला मांडवीत नांगरलेले जहाज. एकशे अठरा खेळाडू, त्यांत बायका आम्ही पाच. माझ्या टेबलावर डोक्यावर टोपी नि कानांत सुंकली घातलेली पंचविशीतली मुले होती. मला ती अदबीने ‘आंटी’ म्हणत होती आणि माझी पाने वाटून झाली की माझ्याकडे बघायचीही तसदी घेत नव्हती. एका डावात मला राण्यांची जोडी आली. मधली तीन पाने उघडली: एक्का, दश्शी, चव्वी. समोर एक वयस्कर व्यापारी गृहस्थ होते. त्यांनी तासाभरात एकही डाव लढवला नव्हता, आणि आता त्यांनी सगळ्या चकत्या पुढे सारल्या. मी मनात हिशेब केला: हा गृहस्थ एक्का असल्याखेरीज हलणारा नव्हे. मी राण्या उताण्या करून टाकून दिल्या. टोपीवाली मुले एकमेकांकडे बघून हसली. व्यापाऱ्यांनीही आपली पाने दाखवली: एक्का आणि बादशहा.

त्या हसण्याची किंमत मी तासाभराने वसूल केली. माझ्या हाती बदामाची छक्की-पंजी, म्हणजे काहीच नाही. मध्ये चौथे पान पडताच इस्पिकची तीन पाने झाली. टोपीवाल्यांपैकी एकजण बोली वाढवत आलेला. मी सगळ्या चकत्या पुढे केल्या आणि पदर सारखा करून खिडकीबाहेर बघत बसले. तो तीन मिनिटे विचार करत होता. शेवटी म्हणाला, “आंटी तर राण्यासुद्धा टाकतात,” आणि त्याने आपली पाने टाकून दिली. त्याचा तर्क अगदी बरोबर होता. फक्त तो तर्क तो करणार, हे मला ठाऊक होते. पुस्तकात याला कौशल्य म्हणतात.

आता दैवाचे ऐका. सातजण उरलेले असताना मला दोन बादशहा आले आणि सर्वस्व पणाला लागले. समोरच्याकडे एक्का-दश्शी. अशा झुंजीत शंभरांतून सुमारे 70 वेळा बादशहा जिंकतात. त्या वेळी शेवटचे पान एक्का पडले. मी उठले, सगळ्यांशी हस्तांदोलन केले. सातवी आले, बक्षीस 31,000 रुपये, त्यातले तीस टक्के कराचे कापून हाती आले 21,700.

माझ्या हिशेबाच्या वहीत पुढचे पानही आहे. आजवर नऊ स्पर्धा, दर वेळी 8,000 रुपये शुल्क, म्हणजे 72,000. मिळाले 21,700. उणे 50,300, गाडीभाडे वेगळे. आयकर कायदा बक्षिसावर तीस टक्के घेतो, आणि हरलेल्या आठ शुल्कांची वजावट देत नाही. शिवाय शुल्कातला काही भाग आयोजकांचा असतो, त्यामुळे सगळे खेळाडू मिळून नेहमी तोट्यातच असतात. जिंकून घर बांधू म्हणणाऱ्याला मी ही वही दाखवते. काहीजणी जिंकतात, हेही खरे. आपल्या निकिता लुथरने 2018 मध्ये जोडीदारासह लास व्हेगासच्या जागतिक मालिकेत सोन्याचे कडे जिंकले. मारिया कॉनिकोव्हा ही लेखिका, कॅटात पाने किती हेही माहीत नसताना शिकू लागली आणि 2018 च्याच जानेवारीत बहामात 84,600 डॉलरची स्पर्धा मारून गेली. पण त्या मालिकेच्या मुख्य स्पर्धेत शेवटच्या टेबलापर्यंत 1995 मध्ये बार्बरा एनराइट पोचली, त्यानंतर पुढची बाई, स्पेनची लिओ मार्गेत्स, पोचायला 2025 साल उजाडावे लागले. वाट एवढी अरुंद आहे.

“पण शेवटी जुगारच ना?” हा प्रश्न उरतोच. कायद्यालाही तो सुटलेला नाही. आपल्या राज्याचा जुगार प्रतिबंधक कायदा 1887 चा. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यातून सूट आहे. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, आणि त्याच निकालात तीनपानी खेळ निव्वळ दैवाचा म्हटला. पोकर मध्येच लोंबकळत राहिला. पश्चिम बंगालच्या 1957 च्या कायद्याने त्याला जुगारातून वगळले. गुजरातच्या उच्च न्यायालयाने 2017 मध्ये तो जुगारच ठरवला. महाराष्ट्राने 1976 मध्ये केलेला कॅसिनोचा कायदा कधी अमलात आला नाही आणि 2023 मध्ये तो रद्दच झाला. गोव्याने 1992 मध्ये हॉटेलांत यंत्रे आणि 1996 मध्ये जहाजांवर खेळ यांना वाट दिली, म्हणून माझी एसटी पणजीला जाते.

गेल्या काही वर्षांत माहेरी जाई तेव्हा मला वेगळेच दिसे. गोठ्यामागे कंदील उरला नव्हता. पोरे बांधावर एकेकटी बसत आणि अंगठ्याने फोनवर रमी नि पोकर खेळत. गोठ्यामागची बैठक निदान पहाटे उठायची. फोन उठत नाही. आणि आता म्हैस सोडून न्यायला दारात कुणी यावेही लागत नव्हते. ती बँकेतून, उसाच्या बिलातून, बायकोच्या बचतगटाच्या हप्त्यातून मुकाट्याने निघून जात होती. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा पोकर खेळणाऱ्या मंडळींनी पुष्कळ त्रागा केला. मी केला नाही. कौशल्याचा खेळ असेलही. पण ज्या खेळात हरण्याला तळ नाही आणि ज्याच्या पैशाने तो चालतो त्या माणसाला तो चालल्याची खबरही नाही, तिथे कौशल्याची चर्चा मला काकूंच्या दारात उभे राहून करवत नाही.

स्पर्धेच्या कुंपणालाही एक भगदाड आहे, तेही सांगून टाकते. पुष्कळ स्पर्धांत बाद झालेल्याला पुन्हा शुल्क भरून बसता येते. एकदा, दोनदा, कधी तीनदा. गोठ्याकडे नेणारी वाट ती हीच. म्हणून माझे नियम तीन. शुल्क शिकवण्यांच्या पैशातून, घरखर्चातून नव्हे. एकदा बाद झाले की मांडवीच्या काठाने फिरायला जायचे, पुन्हा बसायचे नाही. आणि परत आल्यावर आकडा वहीत लिहून वही दिवाणखान्यात ठेवायची. आमचे हे ती वर्तमानपत्रासारखी वाचतात.

यंदा भाचीने हट्ट धरला आहे, “मावशी, मला शिकव.” शिकवणार आहे. पाडव्याला ओवाळणी झाली की सतरंजी टाकायची, प्रत्येकाला शंभर चिंचोके मोजून द्यायचे आणि जाऊबाईंनाही बसवायचे. पहिला तासभर तिला एकच गोष्ट करायला लावणार आहे: पाने उचलायची, नीट बघायची आणि टाकून द्यायची. तेवढे हसतमुखाने जमले, तर मग हूल कशी द्यायची ते सांगेन.