आमचे दादा, निवृत्त फौजदार



आपल्यात माणूस गेला की पुण्यानुमोदनाची पत्रिका निघते. 'कालकथित' आणि नाव, नावाखाली हुद्दा. आमच्या दादांच्या पत्रिकेवरही 'सेवानिवृत्त पोलीस उपनिरीक्षक' एवढेच होते. साल २०१८, वय ऐंशी. पत्रिकेत मावत नाही ते आज या पानावर सांगते, कारण असा बाप आपल्या पुष्कळ घरांत होऊन गेला आहे.

दादांचा जन्म १९३८ चा, सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावातला. आजोबांकडे महारकी होती. वेशीवर राखण करायची, सरकारी टपाल पोचवायचे, गावात आलेल्या साहेबाच्या घोड्यापुढे धावायचे, चोरी झाली तर माग काढायचा. म्हणजे काम पोलिसाचेच, पण पगार नाही. दारोदार भाकरी मागायची आणि तुकडाभर वतनासाठी सगळ्या गावाचे ऐकून घ्यायचे. ही गुलामगिरी मोडावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले. त्याच वर्षी सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात अस्पृश्यांना लष्करात आणि पोलिसांत घ्यावे, अशीही मागणी केली. पुढे १९५८ च्या कायद्याने ही वतने गेली आणि १९६० साली दादा मुंबई पोलिसांत शिपाई म्हणून भरती झाले. ते म्हणत, "काठी माझ्या बापाच्या हातात होती, तशी माझ्याही हातात आहे. त्याच्या काठीला शिळी भाकर मिळायची, माझ्या काठीला पगार आणि पेन्शन. मधे बाबासाहेब होऊन गेले, म्हणून."

मुंबईला ते आले अठराव्या वर्षी, गिरणीत बदली कामगार असलेल्या चुलत्याकडे. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांना अखेरचा निरोप द्यायला दादरच्या किनाऱ्यावर जो जनसागर लोटला, त्यात दादा होते. तिथेच असंख्य लोकांबरोबर भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून त्यांनी धम्मदीक्षा घेतली. पुढे शिपाई झाल्यावर ६ डिसेंबरला त्यांची ड्यूटी बहुतेक वेळा चैत्यभूमीच्या बंदोबस्तालाच लागे. लाखो लोक रांगेतून पुढे सरकत आणि हे रांग सांभाळत उभे. चुकलेली पोरे आईबापांकडे द्यायची, थकलेल्या म्हाताऱ्यांना पाणी द्यायचे, हेच चाले. रात्री आई विचारी, "दर्शन झालं का?" ते म्हणत, "लोकांचं झालं ना? झालं तर मग." १९९६ च्या मे महिन्यात निवृत्त झाले आणि त्या ६ डिसेंबरला प्रथमच साध्या कपड्यात, हातात मेणबत्ती घेऊन तासन्‌तास रांगेत उभे राहिले.

मुंबईच्या शिपायाला तेव्हा निळी अर्धी चड्डी आणि पिवळी टोपी असे. खाकी फुल पँट नंतर आली. १९७५ साली 'पांडू हवालदार' चित्रपट गाजला, तेव्हा शाळेतली पोरे मला 'पांडूची पोरगी' म्हणून चिडवीत. मी रडत घरी आले. दादा पट्ट्याची पितळी बक्कल ब्रासोने घासत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "त्यांना सांग, पांडूला पोरीच्या गणितात शंभरपैकी नव्वद मार्क पाहिजेत."

ते रातपाळीहून सकाळी येत. अंघोळ, चहा आणि झोप यांच्या मधे आमच्या वह्या असत. डोळे लाल, तरी पाढे म्हणून घेत. स्वतः सातवी होऊन आले होते. रात्रशाळेत जाऊन, पाळ्या बदलून घेऊन ते मॅट्रिक झाले आणि पुढे खात्याची परीक्षा देऊन फौजदार झाले. मी दहावी झाले तेव्हा नातेवाइकांनी स्थळे आणली. दादांनी पतपेढीचे कर्ज काढून मला डी. एड. ला घातले. सुभेदार रामजींचा दाखला त्यांच्या तोंडी नेहमी असे. लष्करातून निवृत्त झालेला तो बाप परळच्या चाळीतल्या एका खोलीत लेकाला पहाटे अभ्यासाला उठवी, त्याच्या पुस्तकांसाठी विवाहित लेकींकडे जाऊन उसने आणी, त्यांचा दागिना गहाण ठेवी आणि पेन्शन आली की सोडवून देई. दादा म्हणत, "पेन्शन कशासाठी असते, ते सुभेदारांनी दाखवून दिलं."

पण हे सगळे चांगल्या दिवसांचे झाले. बौद्ध माणसाच्या अंगावर पोलिसाचे कपडे असले की एक प्रश्न त्याच्या मागे लागतो. आमच्या घरी तो १९७४ साली आला. आम्ही तेव्हा वरळीच्या बीडीडी चाळीत राहत होतो. तिथे पोलिसांची बिऱ्हाडे आणि गिरणी कामगारांची बिऱ्हाडे शेजारीशेजारी. जानेवारीत दलित पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली. १० जानेवारीला परळला मोर्चावर दगड टाकला गेला आणि भागवत जाधव हा तरुण शहीद झाला. वस्तीचा पोलिसांवर राग होता आणि तो उगाच नव्हता. दादा चार दिवस बंदोबस्तावर होते. घरी आले तेव्हा एका मावशीने नळावर सर्वांसमोर विचारले, "भाऊ, तू आमचा का त्यांचा?" तिचा मुलगा दोन दिवसांपूर्वी उचलून नेला होता आणि कुठे ठेवला आहे, हे कोणी सांगत नव्हते.

दादा काही बोलले नाहीत. साधे कपडे घातले, तिला बरोबर घेतले आणि ठाण्यावर गेले. अटक केलेल्या माणसाला अटकेचे कारण सांगायचे, चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे, हे संविधानाच्या २२ व्या कलमात आहे. तेवढेच त्यांनी आपल्याच खात्याच्या माणसांना शांतपणे वाचून दाखवले. मुलाला दुसऱ्या दिवशी कोर्टात हजर केले आणि तो जामिनावर सुटला. महिन्याभरात दादांची बदली लांबच्या ठाण्यात झाली. कारण कोणी लिहून दिले नाही. पुढची काही वर्षे ते पहाटे चारला घर सोडत. त्या मावशीने मात्र तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही.

निवृत्त झाल्यावर सरकारी खोली सोडावी लागते. छत्तीस वर्षे शहराची राखण करणाऱ्याला शहरात खोली परवडत नाही, हे पोलिसांच्या पुष्कळ कुटुंबांना ठाऊक आहे. आम्ही कल्याणच्या पुढे दोन खोल्या घेतल्या. तिथल्या विहारात दादा रोज संध्याकाळी एक टेबल, एक वही आणि कार्बन पेपर घेऊन बसू लागले. कोणाचे रेशनकार्ड, कोणाचा वारसदाखला, कोणाच्या लेकीला सासरी मारहाण. अर्ज लिहून देत, पैसे घेत नसत. ठाण्यावर जाणाऱ्याला ते एकच गोष्ट बजावत, "तोंडी बोलून येऊ नका. फिर्याद लिहून घ्यायला लावा, वाचून दाखवायला सांगा, मग सही करा आणि नक्कल घेऊनच पायरी उतरा. नक्कल फुकट मिळते, तो उपकार नाही." ॲट्रॉसिटीचा १९८९ चा कायदा आणि त्याचे १९९५ चे नियम त्यांना पाठ होते. त्या गुन्ह्याचा तपास उपअधीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही, हे ते अर्जातच लिहून टाकत. म्हणत, "आपल्याला माहीत आहे, हे त्यांना कळलं की निम्मं काम होतं."

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि जमलेल्या लोकांवर राज्य राखीव दलाने गोळीबार केला. दहा जीव गेले. दुसऱ्या दिवशी विहारात तरुणांनी तोच जुना प्रश्न नव्या शब्दांत विचारला, "काका, तुमच्या पेन्शनीची लाज नाही वाटत?" या वेळी दादा बोलले, "पेन्शन मी घामाची घेतो. ज्याने कायदा मोडला तो माझा कोणी नाही, त्याचे कपडे कुठलेही असोत. आता ओरडून झालं असेल तर ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांना गाठा, त्यांचं लिहून घेऊ." पुढे काही आठवडे ते घाटकोपरला नात्यातल्या लोकांकडे जात आणि त्यांचे जबाब तारीखवार, स्वच्छ अक्षरात लिहून काढत. गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ साली सत्र न्यायालयाने गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला दोषी ठरवले, त्यावर पुढे अपील झाले. निकालाचे कात्रण दादांनी वहीत चिकटवले आणि खाली लिहिले, 'बारा वर्षे लागली.'

त्यांच्या मागे अशा अकरा वह्या राहिल्या. जमीन नाही, बंगला नाही. आम्ही भावंडे नोकरीला लागलो, नातवंडे शिकली, ही त्यांची कमाई. जलदान विधीला आम्ही ओळखत नव्हतो अशी किती माणसे आली! प्रत्येकाच्या घरात दादांच्या अक्षरातला एक तरी कागद होता.

वाचकहो, दादांच्या सांगण्यातले काही आज बदलले आहे, तेवढे ध्यानात ठेवा. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रियेचा जुना कायदा जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. फिर्यादीचे जुने १५४ वे कलम आता १७३ वे झाले आहे. नक्कल आजही फुकटच आहे. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याने फिर्याद नोंदवून घ्यायची आहे. नाकारली तर सगळी हकीगत लिहून टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते.

आणि आपल्या घरात निवृत्त शिपाई, हवालदार, फौजदार असा बाप असेल, तर त्याच्याजवळ जरा बसा. कोणत्या ठाण्यात होता, कोणाला सोडवले, कोणापुढे मान तुकवली नाही, कोणत्या सणाला घरी नव्हता, हे विचारा आणि लिहून घ्या. आयुष्यभर दुसऱ्यांचे जबाब लिहून घेतलेल्या माणसाचा जबाब घरच्यांनी घ्यायला हवा, आणि तो बोलतो आहे तोवरच घ्यायला हवा.

जयभीम.