होडीला जेट इंजिन? आधी उथळ पाणी मोजा, मग कर्ज काढा



जेट बोटीचे व्हिडिओ बघितले की वाटतं, आपल्या होडीलाही हेच बसवून टाकावं. घोटाभर पाण्यात बोट सुसाट जाते, पंखा दगडावर आपटायची भीती नाही. मनोरच्या आसपास वैतरणा किंवा सूर्या नदीत मासे धरणाऱ्याला तर हे पटणारच. पावसाळ्यात नदी तुडुंब आणि उन्हाळ्यात वाळू, खडक वर आलेले.

तरी माझं मत स्पष्ट आहे: मासेमारीच्या छोट्या होडीला जेट बसवण्यासाठी कर्ज काढू नका. का ते सांगतो.

साध्या आऊटबोर्डमध्ये पंखा होडीच्या तळाखाली फिरतो. जेटमध्ये खालचा गिअर आणि पंखा काढून तिथे पंप लागतो. तो तळाजवळून पाणी ओढतो आणि मागे जोरात फेकतो. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी 1950च्या दशकात तिकडच्या उथळ, गोट्यांच्या नद्यांसाठी जेट बोट बनवली, ती याच कारणासाठी. म्हणजे वस्तू चांगलीच आहे. प्रश्न आपल्या धंद्याला ती परवडते का, हा आहे.

पहिला तोटा ताकदीचा. जेट लावलं की इंजिनाची साधारण 30 टक्के ताकद जाते. 40 एचपीचं इंजिन जेमतेम 28 एचपीचं काम करतं. पेट्रोल मात्र 40चंच पितं.

दुसरा तोटा वजनाचा. जेटची खरी मजा होडी वेगात पाण्यावर उचलली गेली तरच. जाळी, बर्फ, दोन माणसं आणि वर मासळी, अशी भरलेली होडी छोट्या इंजिनावर उचलली जात नाही. ती हळूच चालते, आणि हळू चालताना जेट सगळ्यात जास्त पेट्रोल वाया घालवतं.

तिसरा तोटा कचऱ्याचा. पंप पाण्याबरोबर वाळू, पानवेली, प्लास्टिक पिशव्या सगळं ओढतो. वाळूनं आतला इम्पेलर झिजतो. जाळ्याजवळ इंजिन चालू ठेवलं तर नायलॉनचा धागा आत जायला वेळ लागत नाही. मग भर नदीत होडी बंद, आणि सुटे भाग गावात मिळणार नाहीत. त्या दिवसाची कमाई गेली, हप्ता मात्र चालूच.

आता हिशोब करू. समजा तुमचा रोजचा पल्ला 6 किलोमीटर आहे आणि त्यात खरोखर उथळ पट्टा 300 मीटर. म्हणजे फक्त 5 टक्के. त्या 5 टक्क्यांसाठी उरलेल्या 95 टक्के अंतरात जादा पेट्रोल जाळायचं? तेवढ्या पट्ट्यात इंजिन वर उचला आणि काठीनं होडी ढकला. खाडीकडच्या भागात असाल तर भरतीची वेळ साधा. भरतीचं पाणी फुकट आहे राव!

मग काय घ्यायचं? वर उचलता येणारं छोटं आऊटबोर्ड, सोबत एक जादा पंखा आणि शिअर पिना. किंवा तामिळनाडूच्या किनाऱ्यावर चालतं तसं लांब दांड्याचं इंजिन. दांडा दाबला की पंखा वर येतो. उरलेल्या पैशात चांगली बर्फपेटी घ्या. मस्तान नाक्यावर किंवा पालघर-बोईसरच्या बाजारात गिऱ्हाईक ताज्या मासळीचा भाव देतं, इंजिनाच्या वेगाचा नाही.

अनुदानाचंही सांगतो. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्क्यांपर्यंत मदत आहे. ती नेमकी कशाला लागू होते आणि इंजिन लावल्यावर होडीची नोंदणी कुठे करायची, हे पालघरच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आधी विचारा. पण लक्षात ठेवा, अनुदान मिळालं तरी उरलेले पैसे आपल्याच खिशातून जातात.

जेट कधी घ्यावं? जिथे वेगच विकला जातो तिथे. पूर बचावकार्य, पर्यटकांच्या फेऱ्या, किंवा अर्ध्याहून जास्त वाट उथळ असेल तर.

या आठवड्यात एकच काम करा. काठीवर खुणा करा, ओहोटीच्या वेळी आपल्या वाटेवरचं पाणी मोजा आणि वहीत लिहा. दुकानदाराकडे जाल तेव्हा ती वही हातात असू द्या.