धंद्याचा आराखडा : बँकेसाठीं कीं स्वतःसाठीं ?

शेतीच्या जोडीस एखादा लहानसा धंदा काढावा अशी इच्छा आमच्या पुष्कळ वाचकांस आहे, व ती योग्यच आहे. नुकतेच कोल्हापुराकडील एक बागाईतदार गृहस्थ आम्हांस भेटावयास आले होते. त्यांस गुऱ्हाळ घालावयाचें आहे. कर्जाच्या अर्जास जोडण्याकरितां पैसे देऊन करविलेला ऐंशी पानांचा प्रकल्प-अहवाल त्यांच्या हातीं होता. "एवढा आराखडा पुरे ना ?" असा त्यांचा प्रश्न होता. आम्हीं तो चाळला. त्यांत एके ठिकाणीं हळदीच्या कारखान्याचा मजकूर तसाच राहून गेला होता, आणि गुऱ्हाळ वर्षाचे ३०० दिवस चालेल असें धरलें होतें ! ज्यानें चुलवाणासमोर एक रात्र तरी काढली आहे त्यास हें सांगावयास नको कीं, दिवाळीच्या सुमारास पेटलेलें चुलवाण चैत्रापलीकडे क्वचितच जातें. आणि मधले खाडे निराळेच.

ही चूक लहान नव्हे. कर्जाचा हप्ता, व्याज व डागडुजी मिळून वर्षास ३ लाख रुपये लागतात असें समजूं. रोज १० टन ऊंस गाळला तर ३०० दिवसांत ३,००० टन होतो, व टनामागें हा बोजा १०० रुपये पडतो. गुऱ्हाळ १२० दिवस चाललें तर तोच बोजा २५० रुपये होतो; अवकाळी पावसानें किंवा मजुरांच्या अभावीं ९० दिवसांवरच थांबलें तर ३३३. एका टनापासून साधारणपणें १०० ते १२० किलो गूळ उतरतो. म्हणजे किलोमागें एका रुपयाच्याही आंत मानलेला खर्च तीन रुपयांवर जातो, आणि अडत्याच्या दुकानीं तो कोणी भरून देत नाहीं.

असले अहवाल कां निघतात हें उघड आहे. इ. स. २०२० मध्यें मध्यवर्ती सरकारनें सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची जी योजना काढली तींत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, अनुदान ठेवलें. तें बँकेच्या कर्जाशीं जोडलेलें, व कर्जास अहवाल हवा. योजना चांगली. परंतु हें अनुदान पहिल्या दिवशीं हातीं पडत नाहीं. तें बँकेंत वेगळें राहतें व तीन वर्षें कर्ज नीट चाललें तरच खात्यांत वळतें होतें. हें न समजतां ती रक्कम हातची धरून शेड वाढविणारे लोक आहेत.

"आमच्या वडिलांनीं कोठें आराखडा केला होता ?" असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. वडिलांचा ऊंस घरचा होता, चरक भावकींतला होता, आणि कर्ज नव्हतें. गूळ स्वस्त झाला तर त्या सालीं घरांत थोडें कमी आलें, इतकेंच. दुसऱ्याचा ऊंस व दुसऱ्याचा पैसा आला कीं तोंडचा हिशेब पुरत नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

त्यांतही दुसऱ्याच्या उसाची बाब अधिक अवघड. साखर कारखान्यांसाठीं २०२४-२५ च्या हंगामांत १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३४० रुपये हा किमान दर ठरला होता. तोडणी-वाहतूक वजा जातां शेतकऱ्याच्या पदरीं काय पडतें हें वाचकांस ठाऊकच आहे; पण गुऱ्हाळास ऊंस देणारा त्याच आंकड्याशीं तुलना करतो, आणि शिवाय पैसे ताबडतोब मागतो. रोजचा १० टन ऊंस टनास ३,००० रुपयांनीं घेतला तर दिवसास ३०,००० रुपये रोख गेले. अडत्याकडून गुळाचे पैसे पंधरा दिवसांनीं आले तर ४॥ लाख रुपये नुसत्या उसांत गुंतले. गुळव्या, जळव्या व इतर मजूर यांचा पगार वेगळा. त्या ऐंशी पानांत खेळत्या भांडवलास एकच ओळ मिळाली होती, व तिच्यांतील रक्कम काहिलीच्या किंमतीहूनही कमी होती.

म्हणून आम्हीं त्या गृहस्थांस सांगितलें कीं, बँकेस तिचा अहवाल अवश्य द्यावा, पण तो दुरुस्त करून. खोट्या दिवसांवर सही करूं नये. त्यापूर्वीं मात्र एक कोरा कागद घेऊन स्वतःच्या हातानें लिहावें : ऊंस कोणाचा, किती व कोणत्या महिन्यांत, चुलवाण खरोखर किती दिवस पेटेल, आणि गुळाचा भाव किती उतरला म्हणजे तें विझवावयाचें. हा शेवटचा आंकडा भाव उतरण्याच्या आधीं लिहिलेला असावा. हंगामाच्या धांदलींत तो कोणासही लिहवत नाहीं, आम्हांसही लिहवला नसता.

आठ दिवसांनीं ते पुन्हां आले. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या, व बरीच खाडाखोड होती. उसाचा भरंवसा त्यांस ७० दिवसांपुरताच वाटतो. कर्जाचा अर्ज त्यांनीं तूर्त मागें घेतला असून, शेजारच्या गांवचें बंद पडलेलें एक गुऱ्हाळ एका हंगामापुरतें भाड्यानें घेण्याचें त्यांचें बोलणें चाललें आहे.